गॅस गिझरमुळे बायको बाथरूममध्ये बेशुद्ध पडली, मालक म्हणतात पोलिसांकडे गिझरचं नाव घेऊ नका. काय करू?

वारजेकर_७

नमस्कार मंडळी, थोडं लांबणार आहे, पण सगळंच लिहितो कारण यातलं महत्त्वाचं काय ते मला आत्ता कळेनासं झालंय. आम्ही पुण्यात वारज्याला भाड्याने राहतो, ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, दुसऱ्यांदा रिन्यू केलेलं. कॉमन बाथरूममध्ये मालकांनीच बसवलेला गॅस गिझर आहे, सिलिंडर ड्राय बाल्कनीत, गॅस कनेक्शन माझ्या नावावर. रविवारी सकाळी आधी मुलाची आंघोळ झाली (वय ६), लगेच त्याच्यामागून बायको गेली, तिला केस धुवायचे होते म्हणजे वेळ लागणार होताच. वीसेक मिनिटांनी मी हाक मारली तर ओ नाही, आत पाण्याचा आवाज चालू. दोनदा-तीनदा दार वाजवलं आणि मग लाथ मारून कडी तोडली. ती खाली पडलेली, श्वास चालू होता पण डोळे उघडत नव्हती. उचलून हॉलमध्ये आणलं, खिडक्या उघडल्या, शेजारच्या काकांनी गाडी काढली. त्या गडबडीत मुलगा म्हणत होता बाबा डोकं दुखतंय आणि जिन्यातच उलटी झाली त्याला, आम्हाला वाटलं आईला तसं बघून घाबरलाय.

हॉस्पिटलमध्ये तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरी गॅस गिझर आहे का. मी हो म्हटलं. त्यांनी मास्क लावून ऑक्सिजन चालू केला, हातातून रक्त घेतलं आणि सांगितलं की कार्बन मोनॉक्साइड असू शकतं, एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) होणार. तेवढ्यात मालक पोचले. मला बाजूला घेऊन म्हणाले, गिझरचं नाव घेऊ नका, बाईंना चक्कर आली एवढंच सांगा, उगाच लचांड मागे लागेल, मी उद्या-परवा इलेक्ट्रिक बसवून देतो, बिलाचंही अर्धं बघू. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हवालदार आले तेव्हा मी खरंच तेवढंच सांगितलं, बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली.

आता ती घरी आली आहे, पण डोकं जड आहे म्हणते आणि गॅसवर दूध ठेवलेलं विसरते. उद्या मालकांचा प्लंबर जुना गिझर काढून न्यायला येणार आहे. आणि एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितली नाहीये. बाथरूमच्या वरच्या काचपट्ट्यांच्या खिडकीला थंडी आणि डासांसाठी नोव्हेंबरात मीच प्लास्टिक चिकटवलं होतं. म्हणजे चूक माझीच का? हे कुठे कळवायचं, कोणाला, की गप्प बसायचं?

रातपाळी_डॉक्टर

मी जिल्ह्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टीत काम करतो. दादा, कायद्याचं इतर लोक सांगतील, आधी तब्येत. मुलाची उलटी घाबरून झाली असं धरून चालू नका. एकाच घरात, एकाच सकाळी दोघांना त्रास झाला आणि दोघंही त्याच बाथरूममधून आलेले, हाच या विषबाधेचा सगळ्यात मोठा पुरावा असतो. त्यालाही दाखवा. घरात कोणी गरोदर असेल तर आजच जा, पोटातल्या बाळाला आईपेक्षा जास्त धोका असतो. आणि तो गिझर "चालतोय का बघू" म्हणूनसुद्धा पेटवू नका.

तुम्हाला बोटाला चिमटा लावून ९८ दाखवलं असेल. त्या आकड्याने नातेवाईक फसतात, आणि खरं सांगायचं तर कधीकधी आमच्यातलेही. साध्या ऑक्सिमीटरला हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे ओळखता येत नाही, आणि हा गॅस ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. खरा आकडा रक्तातल्या कार्बॉक्सीहिमोग्लोबिनचा, म्हणजे हा गॅस चिकटलेल्या हिमोग्लोबिनचा. तोसुद्धा वेळेवर अवलंबून असतो. साध्या हवेत तो निम्मा व्हायला ४ ते ६ तास लागतात, पण मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात निम्मा होतो. म्हणून रिपोर्टवर आकडा कमी दिसला तर "काही नव्हतंच" असं कोणी म्हणू नये. शुद्ध किती वाजता हरपली, ऑक्सिजन किती वाजता लागला आणि रक्त किती वाजता घेतलं या तीन वेळा केसपेपरवर आहेत का ते बघा, नसतील तर ड्युटी डॉक्टरांना भेटून लिहून घ्या.

दुधाचं विसरणं हलक्यात घेऊ नका. काही लोकांना सुरुवातीला बरं वाटतं आणि काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा, विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं असं सुरू होतं. न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या आणि पहिलं वाक्य हेच सांगा की गॅस गिझर चालू असताना बेशुद्ध पडली होती. हे न सांगितल्यामुळे फिट आली असं समजून महिनोन्महिने फिटच्या गोळ्या खाणारे पेशंट मी पाहिलेत, आणि घरी गेल्यावर तोच गिझर, तेच बाथरूम.

एमएलसी तुमच्या किंवा मालकांच्या म्हणण्याने मागे घेता येत नाही, ती हॉस्पिटलची जबाबदारी आहे. तुम्ही जबाबात काहीही सांगितलं असलं तरी पहिल्या केसपेपरवर "गॅस गिझर असलेल्या बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली" असं लिहिलेलं असणार, कारण तुम्ही डॉक्टरांना हो म्हणालात. त्या सगळ्या कागदांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे त्या ७२ तासांत द्यायच्या असतात.

फिटिंगवाला_नाशिक

भाऊ पहिलं म्हणजे उद्या तो गिझर काढू देऊ नका. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, सेल काढून ठेवा आणि बाकी जसंच्या तसं राहू द्या. एकदा भंगारवाल्याकडे गेला की मग काय पेटत होतं आणि कसं पेटत होतं हे कोणी सांगू शकत नाही. फोटो काढा, मोबाईलवर तारीख-वेळ येते. गिझरच्या वर भिंतीवर काजळी धरली आहे का, वरच्या झाकणावर काळं आहे का, मागची मॉडेल नंबरची पाटी, नळीवरची तारीख, खिडकी आणि तुमचं ते प्लास्टिक. हो, प्लास्टिकसकट. बसवणाऱ्याचं स्टिकर असतं बऱ्याचदा, त्याचाही घ्या.

१४ वर्षं हेच काम करतोय म्हणून हिशोब सांगतो, कारण लोकांना वाटतं गिझर म्हणजे छोटी शेगडी. ६ लिटरचा गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो, म्हणजे साडेदहा किलोवॅट, घरच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम फुल केल्यासारखं. दहा मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो आणि त्याला जवळपास २००० लिटर हवा लागते. तुमचं बाथरूम ७ बाय ४ आणि ८ फूट उंच धरलं तर आत सगळी मिळून सव्वासहा हजार लिटर हवा. आधी मुलाची आंघोळ मग वहिनींची, मध्ये दार उघडलं असेल तेवढंच. जळलेली हवा बाहेर जात नाही, तीच परत बर्नरला मिळते, ज्योत निळ्याची पिवळी होते आणि मग मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला वास नाही. सिलिंडर लीक झाला तर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, हा गॅस जळल्यानंतर तयार होतो त्यामुळे नाकाला काहीच कळत नाही. लोक म्हणतात वास तर नव्हता हो, मग गिझर कसा असेल. तोच तर धोका आहे.

आता तुमच्या प्लास्टिकबद्दल. प्लास्टिक लावलं ही चूक, नाही म्हणत नाही. पण धुराडं नसलेला गिझर बाथरूमच्या आत बसवला ही त्याच्या आधीची आणि मोठी चूक. मी पाहिलेल्या मॅन्युअलमध्ये तो बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत लावा असंच लिहिलेलं असतं, नुसतं पाणी पाइपने आत न्यायचं. मीसुद्धा सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणतंय म्हणून आत बसवून दिलेत, पाइपचे पाचशे रुपये वाचतात म्हणून. एका घरी म्हातारे आजोबा पडले तेव्हापासून बंद केलं, कितीही पैसे दिले तरी नाही. जुनी जी आठवली ती घरं शोधून सांगून आलो, काहींनी बदलले, काहींनी दारातूनच परत पाठवलं. तुमच्या बिल्डिंगमध्ये एकाच माणसाने किती फ्लॅटमध्ये असे लावलेत ते विचारा आधी.

स्वतः_घरमालक

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. माझे कोथरूडला दोन फ्लॅट भाड्याने आहेत. मालकांनी हॉस्पिटलमध्ये जे सांगितलं ते चुकीचंच आहे, त्याचं समर्थन नाही. पण सगळं खापर मालकावर फोडायच्या आधी बघा की सर्व्हिसिंग कोणी करायचं हे करारात आहे का, खिडकी बंद करू नका असं त्यांनी कधी सांगितलं होतं का. मी चावी देताना गिझरच्या खाली सूचना चिकटवून त्याचा फोटो भाडेकरूला पाठवतो, तरी एकाने झरोक्यात टॉवेल कोंबलेला मी स्वतः पाहिलाय. त्या महिन्यात दोन्ही फ्लॅटचे गिझर काढून इलेक्ट्रिक बसवले कारण मला रात्री झोप लागेना. सांगायचं हे की तुमचे मालकही घाबरलेले असणार. फोनवर भांडण्यापेक्षा साधा ईमेल करा, काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, गिझर हलवू नका. लेखी आलं की माणूस नीट विचार करतो.

वारजेकर_७

सर्व्हिसिंगबद्दल करारात काही नाही. पण एक सापडलं. मागच्या डिसेंबरात मी मालकांना व्हॉट्सॲप केलं होतं की गिझर भक्कन पेटतो आणि वर काळं झालंय, मेकॅनिक पाठवा. त्यांचं उत्तर आहे, सेल बदलून बघा. मी सेल बदलले आणि विसरून गेलो. सूचना वगैरे कधीच कुठे चिकटवलेली नव्हती. मुलाला दाखवलं, डॉक्टर म्हणाले तो ठीक आहे, पण शाळेत दोन दिवस पाठवू नका.

ग्राहकबाजू

तो मेसेज डिलीट होऊ देऊ नका, चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करून ठेवा. धोका कळवला होता आणि कळल्यावर काय केलं, जबाबदारीचा अर्धा प्रश्न इथेच येऊन थांबतो.

आता क्रमाने नाही पण महत्त्वाचं ते आधी. पोलीस स्टेशनला जाऊन स्वतःहून पुरवणी जबाब द्या. घाबरलेल्या माणसाने पहिल्या तासात अर्धवट सांगितलं आणि चार दिवसांत स्वतः येऊन दुरुस्त केलं, यात आणि लपवण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. त्यात प्लास्टिकचंही लिहा. लपवलंत आणि नंतर पंचनाम्यात निघालं तर तुमच्या बाकी सगळ्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वास जाईल. सोबत लेखी अर्ज द्या, त्यात गिझर जागेवर आहे, त्याचा पंचनामा करा असं स्पष्ट मागा आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १२५ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू, आधी भारतीय दंड संहितेत ३३६ ते ३३८ होती ती. जीव गेला असता तर कलम १०६ लागलं असतं आणि आकस्मिक मृत्यूची चौकशी झालीच असती. माणूस वाचला की मात्र कोणी चौकशी करत नाही, म्हणून जिवंत राहिलेल्यांनीच हे कळवावं लागतं. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना, म्हणजे तुमच्याकडे उपायुक्तांना, टपालाने पाठवता येतं.

दुसरं, ग्राहक आयोग. तुम्हाला वाटेल गिझर मी विकत घेतला नाही मग मी ग्राहक कसा. २०१९ च्या कायद्यात विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक धरलाय, म्हणजे तुमची बायकोही. उत्पादक, विकणारा आणि सर्व्हिस देणारा, तिघांवर उत्पादन दायित्वाचा दावा होऊ शकतो, मुदत २ वर्षं. पण आशा माफक ठेवा. मॅन्युअलमध्ये बाहेर लावा असं ठळक लिहिलेलं असेल आणि बसवणाऱ्याने आत लावला असेल तर कंपनी त्याकडे बोट दाखवणार, आणि त्यात तथ्यही असेल. तेव्हा कोणी बसवला, पावती आहे का, हे मालकांकडून लेखी मागा. बिलाच्या अर्ध्या रकमेवर "आता काही तक्रार नाही" असं लिहून सही करू नका. मदत म्हणून देत असतील तर घ्या, सहीशिवाय.

तिसरं, गॅस एजन्सीला लेखी कळवा, कनेक्शन तुमच्या नावावर आहे. तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो पण तो मुळात एलपीजीमुळे आग लागून झालेल्या अपघातासाठी आहे, तुमच्याकडे आग लागलेली नाही, त्यामुळे त्या पैशांवर भिस्त ठेवू नका. तरी कळवा, कारण त्यांचा माणूस येऊन जोडणी बघून लेखी शेरा देऊ शकतो. १९०६ हा नंबर गळतीसाठी आहे, तो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवाच.

रेडिंगहून_मुक्ता

मी इंग्लंडमध्ये राहते, माहेर साताऱ्याचं. वाचून अंगावर काटा आला कारण आमच्याकडे भाड्याच्या घरात दोन वर्षांपूर्वी रात्री कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला होता. आम्ही बाहेर अंगणात आलो आणि ०८०० १११ ९९९ ला फोन केला, हा इथला गॅसचा तातडीचा नंबर. त्यांचा माणूस आला, मीटर लावून बघितलं, बॉयलर बंद केला आणि त्याच्यावर वापरू नका असा टॅग लावून गेला. घरमालकीणबाईंना तो टॅग काढायचा अधिकारच नव्हता, रजिस्टर्ड इंजिनिअरने दुरुस्त करेपर्यंत नाही.

इथे १९९८ च्या नियमांत सरळ लिहिलंय की बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं तर ते रूम-सील्डच हवं, म्हणजे हवा बाहेरून घेणार आणि धूर बाहेर सोडणार, खोलीतल्या हवेशी संबंधच नाही. भाड्याच्या घरात दर वर्षी तपासणी ही घरमालकाची जबाबदारी आणि त्याचा कागद भाडेकरूला २८ दिवसांत द्यावा लागतो. गॅसमुळे कोणी बेशुद्ध पडलं किंवा हॉस्पिटलात न्यावं लागलं तर गॅस पुरवणाऱ्या कंपनीने एचएसई या सरकारी खात्याला कळवायचं असतं, आणि इंजिनिअरला धोकादायक जोडणी दिसली तर त्याने १४ दिवसांत रिपोर्ट करायचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत अलार्म लावणं मालकाला बंधनकारक आहे.

मी इथलं चांगलं आणि तिथलं वाईट असं म्हणत नाहीये, नियम मोडणारे इथेही आहेत. पण इथे भाडेकरूला "मी कळवू की नको, मालक रागावतील का" हा विचार एकट्याने करावा लागत नाही, कळवण्याची जबाबदारी ठरलेल्या माणसाच्या डोक्यावर असते. तुमच्याकडे ती तुमच्यावर येऊन पडली आहे. मी आईबाबांकडे साताऱ्याला सेलवरचा अलार्म नेऊन लावला, गिझरवाल्या बाथरूमच्या दाराबाहेर. असला अलार्म हवेत दहा लाखात ३०० भाग झाले तर ३ मिनिटांच्या आत वाजतो, ५० भागांना मात्र तास-दीड तास लागतो, त्यामुळे अलार्म आहे म्हणून आतला गिझर चालेल असं नाही. तो गिझरही शेवटी बाबांना काढायला लावला.

वारजेकर_७

सगळ्यांचे आभार, काल-आज काय झालं ते लिहितो. प्लंबर आला होता, त्याला दारातच थांबवलं आणि मालकांना ईमेल केला, स्वतः_घरमालक यांनी सांगितलं तसा शांत शब्दांत, व्हॉट्सॲपचा फोटो जोडून. संध्याकाळी ते स्वतः आले. बराच वेळ बाथरूममध्ये उभे राहून वरच्या काळ्या डागाकडे बघत होते. म्हणाले मला खरंच वाटलं सेलचाच प्रॉब्लेम आहे. मी त्यांना प्लास्टिकचंही सांगितलं. दोघंही जास्त बोललो नाही. बसवणाऱ्याची पावती शोधतो म्हणालेत, मेसेज केलाय त्यांनी की बहुतेक जुन्या फाइलीत आहे.

आज चौकीत पुरवणी जबाब दिला. हवालदार आधी वैतागले, तेव्हाच का नाही सांगितलं म्हणून, पण मग लिहून घेतलं आणि पोहोच दिली. पंचनाम्याला उद्या दुपारी येणार आहेत. केसपेपरच्या प्रती मिळाल्या, पहिल्याच पानावर गिझरचा उल्लेख आहे आणि रक्त घेतल्याची वेळ ऑक्सिजन लावल्यानंतर ५५ मिनिटांची आहे, तरी रिपोर्टवर आकडा नॉर्मलच्या वर आला आहे.

फिटिंगवाला_नाशिक, तुमचं ऐकून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. आमच्या विंगमध्ये बाथरूमच्या आत गॅस गिझर असलेले आणखी सात फ्लॅट निघाले. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, थंडीत आंघोळ झाली की त्यांचं डोकं रोज धरतं, बीपीची गोळी वाढवून घेतली आहे. त्यांच्या मुलाने माझ्यासमोर रेग्युलेटर बंद केला.

बायकोची न्यूरॉलॉजिस्टची वेळ गुरुवारी साडेअकराची मिळाली आहे. रातपाळी_डॉक्टर, ती काल मला दोनदा एकच गोष्ट सांगत होती, हे तिच्यासमोर डॉक्टरांना सांगू की वेगळं बाहेर बोलावून?

रातपाळी_डॉक्टर

तिच्यासमोरच सांगा, पण आधी घरी तिला सांगून ठेवा की मी हे बोलणार आहे. तारीख-वार लिहून न्या, काय विसरली, कधी. शाळेत मुलाच्या बाईंनाही कानावर घाला, तो सुस्त वाटला तर फोन करतील.